वाझूचा अ‍ॅडमिन पासवर्ड कोणालाच माहीत नाही, आणि रविवारी मेगाब्लॉक

लालबागचा_आयटीवाला · बुधवार, रात्री ११.४०

मंडळी, सर्व्हर-बिर्व्हर सांभाळणारं कोणी जागं असेल तर बघा जरा.

मी लालबागमधल्या एका पतसंस्थेत आयटी बघतो. आयटी बघतो म्हणजे पासबुक प्रिंटरच्या रिबनीपासून सर्व्हरपर्यंत सगळं मीच. चार शाखा, चाळीसेक पीसी. माझ्या आधीच्या गृहस्थांनी इथे वाझू बसवून ठेवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फुकट आणि ओपन सोर्स आहे. प्रत्येक पीसीवर एक छोटा एजंट बसतो. कोणी लॉगिन केलं, कितीदा पासवर्ड चुकला, कुठली फाइल बदलली, हे तो सर्व्हरला कळवत राहतो आणि सर्व्हर त्यातलं खटकणारं तेवढं डॅशबोर्डवर आणून ठेवतो. हे सगळं व्यवस्थित चालू आहे. फक्त डॅशबोर्डात शिरायचा अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे नाही.

आधीचे गृहस्थ मस्कतला गेले. फोन वाजतो, उचलत नाहीत. हँडओव्हरमध्ये मला एक डायरी मिळाली. तिच्यात वायफायचा पासवर्ड तीनदा लिहिलाय आणि वाझूसमोर नुसतं 'नेहमीचा'. इतके दिवस निभावलं कारण त्यांच्या जुन्या पीसीच्या ब्राउझरमध्ये तो सेव्ह होता. गेल्या आठवड्यात त्या पीसीची हार्ड डिस्क गेली.

पुढच्या आठवड्यात ऑडिटर येतायत, त्यांना सहा महिन्यांचे लॉग दाखवायचेत. दोन मशीन आहेत, दोन्ही उबंटू. एकावर इंडेक्सर (लॉग साठवणारा भाग), दुसऱ्यावर मॅनेजर (एजंटांकडून आलेलं तपासणारा भाग) आणि डॅशबोर्ड. मला वाटतं रविवारी जाऊन सगळं पुसावं आणि नव्याने बसवावं. चालेल ना?

दिवा_फास्ट · बुधवार, रात्री ११.५२

'नेहमीचा'! दंडवत त्या माणसाला.

आणि अहो, किल्ली हरवली म्हणून कोणी चाळ पाडतं का? म्हणजे आपल्या मुंबईत पाडतात, पण त्याला बिल्डर लागतो.

नलूताई · गुरुवार, सकाळी ७.१५

पुसायचं नाव काढू नका. सहा महिन्यांचे लॉग त्या इंडेक्सरमध्येच आहेत, ते गेले तर ऑडिटरला काय दाखवणार, नवीन इन्स्टॉल? सर्ट-इन, म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था, तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग जपायला सांगितलेत. ऑडिटर बोट ठेवतील ते तिथेच.

आधी शोधा. वाझूचा इन्स्टॉलर बसताना 'वाझू-इन्स्टॉल-फाइल्स' नावाचं एक टार गाठोडं करून ठेवतो. त्यात 'वाझू-पासवर्ड्स' नावाची साधी टेक्स्ट फाइल असते आणि तिच्यात सुरुवातीचे सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. ज्याने बसवलं त्याच्या होम फोल्डरात हे गाठोडं वर्षानुवर्षं तसंच लोळत पडलेलं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

नाही मिळालं तरी काळजी नको. जुना पासवर्ड माहीत नसताना नवा घालता येतो, आणि तो कसा घालता येतो हे आधी समजून घ्या म्हणजे नंतर चाचपडायला होणार नाही.

अ‍ॅडमिन हा वापरकर्ता डॅशबोर्डात राहत नाही, इंडेक्सरमध्ये राहतो. इंडेक्सर म्हणजे आतून ओपनसर्च नावाचा डेटाबेस. तिथे पासवर्ड नसतो, त्याचा बीक्रिप्ट हॅश असतो, म्हणजे पासवर्डवरून एकाच दिशेने बनवलेला ठसा. तो डॉलर, २वाय, डॉलर, १२ असा सुरू होतो. त्यातला १२ म्हणजे दोनाचा बारावा घात, ४०९६ फेऱ्या. पासवर्डचा एकेक अंदाज तपासायला वेळ लागावा म्हणून मुद्दाम घातलेल्या. हॅशवरून पासवर्ड उलटा काढायच्या नादी लागू नका, पण हॅश उचलून त्या जागी दुसरा ठेवता येतो. आणि तो ठेवायचा अधिकार पासवर्डवर चालत नाही, सर्टिफिकेटवर, म्हणजे ओळखपत्राच्या फाइलवर चालतो. इंडेक्सरच्या मशीनवर ईटीसी, त्यात वाझू-इंडेक्सर, त्यात सर्ट्स, या फोल्डरात अ‍ॅडमिनचं पेम सर्टिफिकेट आणि त्याची खासगी किल्ली असते. रूटशिवाय, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याशिवाय, ती हाती लागत नाही. थोडक्यात, ज्याच्याकडे त्या मशीनचं रूट, त्याचं वाझू.

हत्यारही तिथेच आहे. 'वाझू-पासवर्ड्स-टूल' ही शेल स्क्रिप्ट इंडेक्सरच्या ओपनसर्च-सिक्युरिटी प्लगइनच्या टूल्स फोल्डरात असते. रूट होऊन चालवायची, पुढे डॅश यू अ‍ॅडमिन, मग डॅश पी आणि नवा पासवर्ड. नवा पासवर्ड सिंगल कोट्समध्ये लिहा, नाहीतर तारा दिला असेल तर शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, त्याचा भलताच अर्थ लावायचा. लांबी ८ ते ६४ अक्षरं. एक मोठं अक्षर, एक लहान, एक आकडा आणि एक चिन्ह हवंच. चिन्हं पाचच चालतात: टिंब, तारा, अधिक, प्रश्नचिन्ह, वजा. त्याहून बरं म्हणजे डॅश पी देऊच नका, टूल स्वतः एक रँडम पासवर्ड बनवून देतं आणि तो शेलच्या हिस्टरीत राहत नाही.

आणि हो, 'सगळे पासवर्ड बदला' असाही एक पर्याय त्या टूलमध्ये आहे. ऑडिटच्या तोंडावर तुमच्या दोन मशीनच्या मांडणीत त्याच्या वाट्याला जाऊ नका.

डोंबिवली_डाउन · गुरुवार, सकाळी ९.०५

ताई, मी मागे एकदा हे हाताने करायला गेलो होतो. 'इंटरनल-यूजर्स' नावाची वायएमएल फाइल आहे, तिच्यात हॅश बदलला, सर्व्हिस रीस्टार्ट केली. ढिम्म. जुनाच पासवर्ड चालतोय. शेवटी कंटाळून सोडून दिलं.

नलूताई · गुरुवार, सकाळी ९.३०

कारण ती फाइल म्हणजे नुसता कच्चा कागद. खरे वापरकर्ते ओपनसर्चच्या आत एका लपवलेल्या इंडेक्समध्ये असतात. फाइलमधलं तिथे चढवायला 'सिक्युरिटी-अ‍ॅडमिन' स्क्रिप्ट त्या सर्टिफिकेटसह चालवावी लागते. पण सोडून दिलंत ते बरंच केलंत. डिस्कवरची फाइल बहुतेक बसवल्या दिवसाची असते. तीच वर चढवली तर मधल्या काळात डॅशबोर्डवरून बनवलेले सगळे वापरकर्ते गायब. पासवर्ड-टूल आधी चालू स्थितीचा बॅकअप घेतं, म्हणून मी तेच वापरायला सांगते.

जुना_गिरगावकर · गुरुवार, दुपारी १.४०

मी निवृत्त माणूस, टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं. वाचतोय आणि थोडं अस्वस्थ होतंय. बँकिंगशी संबंधित संस्थेच्या सुरक्षेच्या यंत्रणेत पासवर्डशिवाय कसं शिरायचं हे चारचौघांत सांगायचं का?

दिवा_फास्ट · गुरुवार, दुपारी २.०२

काका, हे सगळं वाझूच्या स्वतःच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. आणि शिरायला आधी त्या मशीनचं रूट पाहिजे. चोराकडे रूट असेल तर तो डॅशबोर्ड कशाला बघत बसेल?

नलूताई · गुरुवार, दुपारी २.२०

काकांचा मुद्दा एवढ्यावर उडवू नका. लालबागवाले, हे करायच्या आधी चेअरमन किंवा मॅनेजर यांच्या सहीचं एक पत्र घ्या: अमुक तारखेला, अमुक मशीनवर, अमुक कारणासाठी पासवर्ड बदलला. चार ओळी पुरे. उद्या ऑडिटरने विचारलं की रविवारी दुपारी सुरक्षेचा सर्व्हर बंद का होता, तर तुमच्याकडे कागद हवा. नाहीतर तुम्हीच संशयित.

लालबागचा_आयटीवाला · गुरुवार, रात्री १०.१०

पत्र घेतलं. मॅनेजरबाईंनी 'पासवर्ड' खोडून 'परवलीचा शब्द' केलं आणि सही दिली.

आता गोम. वाझू-मॅनेजरच्या मशीनवर माझं सुडो खातं आहे, म्हणजे तिथे मला रूट होता येतं. तिथे सगळीकडे शोधलं, टार गाठोडं नाही. इंडेक्सरच्या मशीनवर माझं खातंच नाही, तिथे फक्त आधीच्या गृहस्थांचं. म्हणजे ज्या मशीनचं रूट पाहिजे नेमकं तेच नाही.

दिवा_फास्ट · गुरुवार, रात्री १०.४५

मशीन समोर आहे ना? क्लाउडवर नाही? डिस्क एन्क्रिप्टेड नाही? मग ग्रब आहे की, म्हणजे मशीन सुरू होताना उबंटू चालू करणारा मेनू.

चालू करताना जुना बायोस असेल तर शिफ्ट दाबून धरायचं. यूईएफआय असेल तर एस्केप, पण एकदाच आणि हळू. धडाधड दाबलंत तर मेनूऐवजी ग्रबच्या काळ्या प्रॉम्प्टवर जाऊन पडाल. मेनू आला की उबंटूच्या ओळीवर ई दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्यातलं 'आरओ' काढून 'आरडब्ल्यू' करा आणि शेवटी 'इनिट बरोबर, स्लॅश बिन स्लॅश बॅश' जोडा. रोमनमध्ये अर्थात. कंट्रोल-एक्स. थेट रूटचा प्रॉम्प्ट येतो, कोणी काही विचारत नाही. 'पासडब्ल्यूडी' आणि पुढे त्या गृहस्थांच्या खात्याचं नाव, नवा पासवर्ड दोनदा, मग 'सिंक', आणि मशीन रीस्टार्ट. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, पुढच्या वेळी ग्रब पहिल्यासारखा.

एलयूकेएसने (लिनक्समधली डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर मात्र विषय संपला. मग मस्कतला फोन लावत बसा.

जुना_गिरगावकर · गुरुवार, रात्री ११.००

म्हणजे कुलूप महत्त्वाचं नाही, सर्व्हरची खोली महत्त्वाची.

दिवा_फास्ट · गुरुवार, रात्री ११.०४

काका, बरोब्बर.

लालबागचा_आयटीवाला · रविवार, संध्याकाळी ५.३०

सविस्तर सांगतो, कारण निम्मा दिवस पासवर्डाबाहेरच्या गोष्टींतच गेला.

मुलुंडहून निघालो, मेगाब्लॉक. करी रोडला उतरायला दुपार झाली. सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात आहे. कपाटाचं कुलूप प्यूनकडे, प्यून परळला, तो येईपर्यंत दोन चहा. कपाट उघडलं तर इंडेक्सर म्हणजे एक जुनी काळी डेस्कटॉप पेटी, वर धुळीचा थर आणि धुळीत कोणीतरी बोटाने 'बंद करू नये' लिहिलेलं. मॉनिटर नाही. काउंटरवरचा काढून आणला, तर त्याची केबल व्हीजीए आणि पेटीला फक्त एचडीएमआय. समोरच्या झेरॉक्सवाल्याने कन्व्हर्टर दिला, संध्याकाळी परत द्यायच्या बोलीवर.

एस्केप मी धडाधडच दाबलं. काळा प्रॉम्प्ट. परत रीस्टार्ट. तिसऱ्या खेपेला मेनू आला. बाकी दिवा_फास्टने लिहिलं तसंच. डिस्क एन्क्रिप्टेड नव्हती, गणपती पावला.

आत शिरल्यावर पहिलं काय दिसलं असेल? त्या गृहस्थांच्या होम फोल्डरात ते टार गाठोडं! उघडलं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड घातला, चालला नाही. म्हणजे त्यांनी नंतर बदलून 'नेहमीचा' केला होता. मग ताईंचं टूल. मी हौसेने स्वतःचा पासवर्ड दिला, त्यात अ‍ॅट द रेट होतं, टूलने तोंडावर फेकला. मग गुपचूप त्यालाच बनवू दिला. अर्ध्या मिनिटात काम झालं. नव्या पासवर्डने डॅशबोर्ड उघडला. कन्व्हर्टर परत केला. घरी आलो.

सगळ्यांचे आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

नलूताई · रविवार, संध्याकाळी ५.५०

इतक्यात नको. डॅशबोर्डवर शेवटचा अलर्ट किती वाजताचा दिसतोय ते बघा. आणि शेवटी टूलने एक इशारा छापला असणार, तो वाचलात का?

लालबागचा_आयटीवाला · रविवार, संध्याकाळी ६.२५

व्हीपीएनवरून बघितलं. शेवटचा अलर्ट दुपारी ३.१२ चा. त्यानंतर शून्य. एजंट सगळे चालू दाखवतोय. इशारा वाचला नव्हता, खोटं का बोला.

नलूताई · रविवार, संध्याकाळी ६.४०

मला वाटलंच. बघा, अ‍ॅडमिन म्हणून फक्त तुम्ही लॉगिन करत नव्हता. मॅनेजरच्या मशीनवर फाइलबीट नावाचा एक हमाल आहे. मॅनेजर अलर्ट फाइलमध्ये लिहितो, फाइलबीट ते उचलून इंडेक्सरकडे पोचवतो, आणि दारात तोही अ‍ॅडमिनचाच पासवर्ड सांगतो. त्याच्या खिशात अजून जुना आहे. सगळं एकाच मशीनवर असतं तर टूलने त्याला परस्पर सांगितलं असतं. तुमची मशीन दोन, म्हणून तुम्हाला सांगावं लागणार.

मॅनेजरच्या मशीनवर 'फाइलबीट टेस्ट आउटपुट' चालवा. ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही', आला की निदान पक्कं. मग फाइलबीटच्या कीस्टोअरमध्ये, म्हणजे त्याच्या पासवर्डांच्या डबीत, 'पासवर्ड' या नावाने नवा पासवर्ड भरा, स्टँडर्ड इनपुटवरून, फोर्स लावून, आणि फाइलबीट रीस्टार्ट.

वाझू ४.८ किंवा पुढचं असेल तर आणखी एक जागा आहे, बहुतेक लोक तीच विसरतात. ४.८ पासून असुरक्षित सॉफ्टवेअर शोधणारा भाग मॅनेजरमधून थेट इंडेक्सरशी बोलतो. त्याच्यासाठी व्हार, ओसेक, बिन या फोल्डरातलं 'वाझू-कीस्टोअर' वापरून इंडेक्सरचा पासवर्ड बदला आणि मॅनेजर रीस्टार्ट करा. फोल्डरला ओसेक का म्हणतात तर वाझू २०१५ मध्ये ओसेक या जुन्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरपासून फुटून निघालं, माहेरचं नाव अजून चालू आहे.

डॅशबोर्ड स्वतः 'किबानासर्व्हर' नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याने इंडेक्सरशी बोलतो. त्याला तुम्ही हात लावला नाहीत म्हणून तुमचं पान उघडलं. 'सगळे बदला' केलं असतंत तर आत्ता 'सर्व्हर अजून तयार नाही' एवढं एकच वाक्य बघत बसला असतात.

डोंबिवली_डाउन · रविवार, संध्याकाळी ६.५५

मग ३.१२ नंतरचे अलर्ट गेले का?

नलूताई · रविवार, संध्याकाळी ७.००

नाही. मॅनेजर ते जेसन फाइलमध्ये लिहितोच आहे. फाइलबीट कुठपर्यंत पोचवलं त्याची नोंद ठेवतो, दार उघडलं की तिथून पुढे सुरू करतो. फक्त उद्यावर ढकलू नका, दिवस बदलला की मॅनेजर ती फाइल गुंडाळून बाजूला ठेवतो.

पार्ल्याची_पमा · रविवार, संध्याकाळी ७.२०

जरा अवांतर विचारू का? घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर व्हॉल्टवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर चालवते, घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड त्यात आहेत. त्याच्या अ‍ॅडमिन पानाचा टोकन विसरले. आणि बाबा त्यांचा मास्टर पासवर्ड विसरलेत. दोन्ही असेच बदलता येतील ना?

दिवा_फास्ट · रविवार, संध्याकाळी ७.४५

पहिला हो, दुसरा नाही.

टोकन सोपा. नवा आर्गॉन-टू हॅश बनव, व्हॉल्टवॉर्डनमध्येच त्याची 'हॅश' कमांड आहे. तो डॉकरच्या (व्हॉल्टवॉर्डन ज्यात चालतो त्या सॉफ्टवेअरच्या) कंपोज फाइलमध्ये लिहिणार असशील तर त्यातलं प्रत्येक डॉलर चिन्ह दोनदा लिही, नाहीतर डॉकर ते गिळतो. आणि तरीही जुनाच टोकन मागत राहिला तर डेटा फोल्डरातली कॉन्फिग नावाची जेसन फाइल बघ. अ‍ॅडमिन पानावरून कधी एकदा सेव्ह केलं असशील तर ती फाइलच वरचढ ठरते, बाहेर काहीही लिही. मी दोन रात्री यात घालवल्यात.

बाबांचं मात्र वेगळं. मास्टर पासवर्ड नुसता दरवाजाला नाही, त्यांची तिजोरीच त्याच्यापासून बनलेल्या किल्लीने बंद आहे. वाझूमध्ये हॅश बदलला की आतला माल तसाच वाचता येतो, कारण माल त्या पासवर्डने बंद केलेला नव्हता. इथे तू सर्व्हरची मालकीण असलीस तरी तुला दिसणार ते नुसतं काजळ. आणीबाणीचा संपर्क म्हणून त्यांनी आधीच तुला नेमलं असेल तर वाट आहे. त्यांच्या फोनवर अ‍ॅप अजून बोटाच्या ठशाने उघडतंय का?

पार्ल्याची_पमा · रविवार, संध्याकाळी ७.५०

उघडतंय! फोनवरच उघडतंय.

दिवा_फास्ट · रविवार, संध्याकाळी ७.५१

मग आत्ता, या क्षणी, त्यांना लॉगआउट होऊ न देता त्यातले सगळे पासवर्ड कागदावर उतरवून घे. मग नवीन खातं. जा.

लालबागचा_आयटीवाला · रविवार, रात्री ९.१५

४०१ च होता. फाइलबीटचा कीस्टोअर बदलला, आपलं ४.९ आहे म्हणून वाझू-कीस्टोअरही बदलला, दोन्ही रीस्टार्ट. पाच मिनिटं काही हललं नाही, छातीत धस्स. मग ३.१२ पासूनचे अलर्ट एकदम धबाधब आले, गर्दीच्या वेळी दादरला दार उघडावं तसे. त्यातला सगळ्यात लाल अलर्ट कुठला माहितीये? माझाच. इंडेक्सरच्या मशीनवर पासवर्ड बदलल्याचा.

नलूताई · रविवार, रात्री ९.२२

म्हणजे यंत्रणा काम करतेय. तो अलर्ट पत्राला जोडून ठेवा.

आता त्या मशीनवर स्वतःचं खातं उघडा आणि मस्कतवाल्यांचं बंद करा.

दिवा_फास्ट · रविवार, रात्री ९.२५

आणि ते टार गाठोडं उडवा, लगेच.

नलूताई · रविवार, रात्री ९.३१

उडवू नका! त्यात नुसते पासवर्ड नाहीत, रूट सर्टिफिकेटची खासगी किल्लीही आहे. उद्या तिसरं मशीन जोडायचं झालं तर तिच्याशिवाय सगळी सर्टिफिकेटं नव्याने करत बसाल. पेनड्राइव्हवर घ्या, मग मशीनवरून काढा.

लालबागचा_आयटीवाला · मंगळवार, दुपारी ३.०५

केलं. पेनड्राइव्ह आणि नवा पासवर्ड लिहिलेला कागद एका पाकिटात, पाकिटावर लाख, मॅनेजरबाईंची आणि कॅशियरची सही, आणि पाकीट सोनंतारणाच्या तिजोरीत. कॅशियर नियमाचे पक्के, तिजोरीत जे जाईल त्याचं वर्णन आणि वजन रजिस्टरात लिहिल्याशिवाय आत ठेवत नाहीत. त्यामुळे आमच्या वाझूचा पासवर्ड आता दोन मंगळसूत्रं आणि चार बांगड्यांच्या खाली नोंदलेला आहे: 'संगणक परवलीचा शब्द, १ नग, १४ ग्रॅम.'